सातबारा आणि स्मार्ट बोर्ड

शाळेत नवीन यंत्र आलं की गावकरी विचारतात, केवढ्याला पडलं? अधिकारी विचारतात, वापर किती? मी बघतो रिमोट कुणाच्या हातात आहे. बहुतेक शाळांत तो गुरुजींच्या हातात असतो. काही शाळांत कपाटात असतो, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. पोरांच्या हातात मी तो क्वचितच पाहिला. 'बिघडवतील' ही भीती. बिघडवतीलच. आमच्या वेळचा सूक्ष्मदर्शक याच भीतीपायी काचेच्या कपाटात म्हातारा झाला, आणि कांद्याची पेशी आम्ही फळ्यावरच्या चित्रातच पाहिली.

*

जून 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि त्याच सुमारास 'डिजिटल शाळा' हा शब्द वाडीवस्तीवर पोचला. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा बघायला लांबलांबचे शिक्षक जात. लोकवर्गणी निघे, कुणी पाचशे रुपये, कुणी ज्वारीचं पोतं. त्यात काही खोटं नव्हतं. गावानं शाळेकडे मान वळवून पाहिलं, हेच मोठं होतं.

पण भिंतीवर जे आलं तो टीव्ही होता. कविता पडद्यावरची बाई गाते, प्रयोग पडद्यावरचा माणूस करतो, पोरं बघतात. वर्ग शांत होतो. शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग, हा आमच्या खात्याचा फार जुना समज. पुढे लाईट बिल थकलं की टीव्हीही शांत. शाळांना व्यापारी दरानं वीज नको, ही मागणी शिक्षक संघटना वर्षानुवर्षं करत होत्या. 'डिजिटल शाळेची वीज तोडली' ही बातमी ज्यानं वाचली नाही असा शिक्षक मराठवाड्यात सापडणं कठीण.

*

पाबळची गोष्ट यापेक्षा वेगळी आणि जुनी. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरमधले मोठे संशोधक. नोकरी सोडून ते 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि तिथं विज्ञान आश्रम उभा केला. गाव दुष्काळी. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय नंतर अनेक शाळांत गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हाताचं काम: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवायला गावातलाच माणूस. वेल्डिंग करणारा, वायरमन, नर्सरी चालवणारा. बी.एड. नसलं तरी चालतं, हात चालला पाहिजे.

मला त्यातली सगळ्यात हुशारीची वाटते ती एक अट. पोरांनी केलेलं काम गावाला विकायचं. खिडकीचं ग्रिल, रोपं, घरातली वायरिंगची दुरुस्ती, माती तपासणी. ग्रिल तिरकं झालं तर दहापैकी सहा मार्क देऊन सुटता येत नाही, गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. मग कोन मोजणं, सामानाचा हिशेब, वेळेत देणं, नम्रपणे 'दोन दिवस लागतील काका' म्हणणं, सगळं एकदम येतं. आज ज्याला संवादकौशल्य, समस्या सोडवणं वगैरे नावं देऊन प्रशिक्षणाच्या स्लाइड दाखवतात, ते पाबळला ग्रिलच्या बिलात होतं.

आणि हे सगळं हातोड्या-पान्यांपुरतं राहिलं नाही, हेही नोंदवायला हवं. एमआयटीबाहेर (अमेरिकेतल्या, कोथरूडच्या नव्हे) ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब सुरू झाल्या, त्यांतली एक 2002 मध्ये याच पाबळला. म्हणजे संगणकावर आकृती काढून यंत्रानं वस्तू कापून घेण्याचं तंत्र पुण्यातल्या बहुतेक इंग्रजी शाळांच्या कितीतरी आधी त्या गावात आलं. तिथं ते आश्चर्य म्हणून ठेवलेलं नव्हतं, औजार म्हणून आलं होतं.

*

माझ्या वर्गातला सध्याचा लाडका विषय: सातबारा.

2021 च्या खरिपात राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पेऱ्याची नोंद तलाठी करायचे, आता शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची. खातं निवडा, गट नंबर निवडा, पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख, मग शेतात उभं राहून फोटो. पीकविमा, अनुदान, हमीभावाची खरेदी, सगळीकडे ही नोंद विचारतात. आणि घरोघरी ही पाहणी करतं कोण? आठवी-नववीतली पोरं. बाप म्हणतो, 'जरा बघ रे काय मागतंय.' म्हणजे गावचं महसुली रेकॉर्ड आमच्याच विद्यार्थ्यांच्या अंगठ्यावर चाललंय, आणि शाळेत मात्र ती दशांश अपूर्णांकाच्या उदाहरणसंग्रहात सफरचंदं वाटतात.

मग आम्ही वर्गात सातबारे उघडले. महाभूलेखवर विनास्वाक्षरीचा उतारा फुकट बघता येतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, घरात बोलणं एकर-गुंठ्यात. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे, आणि उताऱ्यावर 0.81. हा एक आर कुठून आला? अर्धा तास गेला. गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर आणि आर म्हणजे 100, हे पोरांनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः शोधलं. तोवर त्यातल्या निम्म्यांना वाटत होतं की सरकारनं एक गुंठा जास्तीचा दिलाय.

पुढं आणखी गंमत. 0.8 मोठे की 0.75? वर्गातला मोठा गट दरवर्षी 0.75 म्हणतो, कारण पंच्याहत्तर आठापेक्षा मोठे. सातबाऱ्यावर ही चूक दिसतच नाही, कारण तिथं आरला नेहमी दोन घरं: 0.80, म्हणजे ऐंशी आर. पोरं दशांश वाचत नसतात, हेक्टर आणि आर असे दोन वेगळे आकडे वाचत असतात. ॲपमध्ये 'दीड हेक्टर' 1.05 असा भरणारा मुलगा मला भेटला आहे. त्याच्या डोक्यात तो एक हेक्टर आणि थोडंसं असा होता. पंचेचाळीस आर सोयाबीन कागदावरून गेलं. पाठ्यपुस्तकातल्या चुकीला लाल फुली बसते, इथं विमा बसतो किंवा हुकतो.

मग पोटखराबा वजा करणं. मग सोयाबीनमध्ये तूर, चार तासांना एक तास, तर प्रत्येक पिकाचं क्षेत्र किती? गुणोत्तराचा धडा तिमाहीनंतर येणार होता, तो जुलैतच आला. अक्षांश-रेखांशही आले, कारण एकीचा फोटो ॲप घेईना. ती बांधाच्या पलीकडे चुलत्याच्या गटात उभी होती. नकाशा आणि प्रत्यक्ष बांध यांत फरक निघाला तेव्हा मात्र मी विषय आवरता घेतला. भाऊबंदकी शाळेच्या आवारात नको.

*

गटात एकच माऊस असतो आणि तो मुलाच्या हातात असतो. मुलगी वही काढून लिहून घेते. कुणी सांगितलेलं नसतं, बसताना आपोआप होतं. आमचा नियम: माऊस मुलीपासून सुरू, आणि एक काम झालं की पुढच्याकडे. पहिल्या आठवड्यात मुलं रुसली. मुली घाबरल्या, हे जास्त वाईट. 'सर, माझ्याकडून काही उडालं तर?' मग मीच एक फाइल सगळ्यांसमोर उडवली आणि कंट्रोल-झेड दाबून परत आणली. त्या दोन बटणांनी जे धैर्य आलं ते भाषणांनी आलं नसतं.

*

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'चा 2023 चा अहवाल चौदा ते अठरा वयोगटावर होता. दहातल्या जवळजवळ नऊ घरांत स्मार्टफोन. वापरता येतो असं सांगणाऱ्यांत स्वतःचा फोन मात्र मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे आणि मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडे. त्याच अहवालात आणखी एक आकडा: तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून कमी मुलांना जमलं. दोन्ही आकडे एका पानावर लिहून ठेवले आहेत. फोन चालवता येणं आणि फोनकडून काम करून घेणं यांच्यामध्ये तो भागाकार उभा आहे.

*

केबी.

दहावीनंतरच्या पोराचं पहिलं भांडण केबीशी होतं. फोटो इतक्या केबीच्या आत, दाखला इतक्या केबीच्या आत, पीडीएफच हवी. स्कॅन केलेला कागद चार एमबीचा. 'फाइल अपलोड झाली नाही.' मग नेट कॅफे, आणि रांग. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, सीईटी, सगळीकडे तेच. 2025 पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे, आणि पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. हा क्रम गावाकडच्या किती पोरांनी स्वतः ठरवला आणि किती जणांचा कॅफेवाल्यानं ठरवला, हे विचारायला नको.

आता दहावीच्या वर्गात परीक्षेआधी एक तास याचा. खोटा फॉर्म, खरी कॉलेजं. एका रकान्यात एसटीचं अंतर, एकात गेल्या वर्षीचा कटऑफ, एकात 'तिथं वसतिगृह आहे का'. वाद होतात. 'मित्र जातोय म्हणून' हा रकाना पोरांनीच वाढवला, प्रामाणिकपणे.

आणि फाइलला नाव देणं. 'नवीन डॉक्युमेंट 3 फायनल' अशा नावाखाली किती दाखले हरवले असतील! आडनाव, कागदाचं नाव, वर्ष. एवढंच. माझ्या मते नोकरीच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं कौशल्य हेच, आणि ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. एमएससीआयटी झालेल्यांच्याही डेस्कटॉपकडे एकदा बघा.

*

शालेय पोषण आहाराची नोंदवही पोरांच्या हाती द्यावी का? नियमानं जबाबदारी शाळेची, ती राहतेच. पण तिची नक्कल स्प्रेडशीटवर सातवीची पोरं ठेवतात. सहावी ते आठवी, माणशी 150 ग्रॅम तांदूळ. खालच्या वर्गांना 100. हजेरीचा रकाना, गुणाकाराचं सूत्र, शिल्लक. एकदा सूत्र खाली ओढलं की महिनाभराचं गणित उलगडतं, आणि तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो मी कुठल्याही शैक्षणिक व्हिडिओला ऐकला नाही. मग प्रश्न सुरू. शनिवारी तांदूळ कमी का लागतो? बाजाराच्या दिवशी हजेरी का पडते? आकड्यांतून गाव दिसू लागतं. (कागदावरची शिल्लक आणि पोत्यातली शिल्लक जुळते का, हाही प्रश्न एकानं विचारला. स्वयंपाकवाल्या मावशींनी वजनकाटा पुढे केला. जुळली.)

*

2007 मध्ये कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभर गाजलेल्या योजनेचा हा भारतातला सुरुवातीचा प्रयोग. पेरू देशानं ही योजना फार मोठ्या प्रमाणावर राबवली आणि तिथल्या ग्रामीण शाळांची नीट तपासणी झाली. 2012 मध्ये निष्कर्ष आले: गणितात आणि भाषेत फरक नाही. यंत्र पोचलं, शिक्षकाला त्याचं काय करायचं ते पोचलं नव्हतं. हा निष्कर्ष दाखवून 'बघा, यंत्रांचा उपयोग नाही' म्हणणारे मला तितकेच घाईचे वाटतात. पोरांच्या हातात दिलं, ही अर्धी गोष्ट बरोबर होती. हातात देऊन काम दिलं नाही.

*

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. बातम्यांत रक्कम मोठी झाली आणि त्यांनी पाठ्यपुस्तकावर आणलेला क्यूआर कोड छोटा राहिला. तोवर बालभारतीच्या पुस्तकांवर कोड आलेही होते. कल्पना साधी: कागद स्वस्त, टिकाऊ, वीज लागत नाही; त्याच्या कोपऱ्यात एक दार ठेवून द्या.

अडचण दाराची नाही. दार उघडणारा फोन संध्याकाळी सातला शेतातून घरी येतो, आणि आल्यावर आधी बाप, मग थोरला भाऊ. धाकटीचा नंबर बॅटरी संपताना. म्हणून शाळेतल्या दोन जुन्या टॅबवर मधल्या सुट्टीत नंबर लावतो. शिवाय आता पोरं उलटंही करतात. गावातल्या बारवेवर त्यांनी माहिती लिहिली, आवाजात वाचली, तिचा कोड बनवला आणि बारवेजवळच्या पारावर चिकटवला. पावसात निघाला. पुन्हा प्लॅस्टिक लावून चिकटवला.

*

त्याच बारवेची माहिती आधी एका एआयला विचारली होती. दोन सेकंदांत उत्तर. बांधणी यादवकालीन, अमुक राणीनं बांधली, शिलालेख आहे. भाषा सुरेख. शिलालेख नाही, हे पोरांना माहीत. त्या बारवेत ती पोहायला शिकली. पण निम्मा वर्ग क्षणभर बिचकला: आपणच नीट पाहिलं नसेल तर? हा बिचकणारा क्षण मला फार मोलाचा वाटला. दुपारी जाऊन दगडन्‌दगड पाहिला. मग देवळातल्या आजोबांना, मग एका निवृत्त तलाठ्यांना विचारलं. आता प्रत्येक प्रकल्पात शेवटी एक रकाना सक्तीचा: 'हे कुठून कळलं?' एआयचं नाव लिहायला हरकत नाही, पण तेवढंच असेल तर काम परत.

निबंधाचं वेगळं. 'माझा आवडता ऋतू' आता यंत्र लिहितं, आणि खरं सांगायचं तर गाईडमधल्या निबंधापेक्षा बरं लिहितं. ज्या विषयावर यंत्राला आपल्याइतकंच लिहिता येतं तो विषय आपण बदलावा. 'काल आपल्या घरी वीज गेल्यावर कोण काय म्हणालं' यावर त्याला लिहिता येत नाही.

*

नाटकाचा तास. एक मुलगा 'बँकेतून बोलतोय', दुसरी आजी. संवाद पोरांनीच रचले, आणि फसवणाऱ्याचे संवाद धसका बसावा इतके चांगले. त्यातून दोन वाक्यं पक्की झाली. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. आणि गेलेच तर रडत न बसता लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. हे नाटक नंतर महिला बचत गटाच्या बैठकीत झालं. एक बाई उठून म्हणाल्या, 'मला असाच फोन आला होता, मी कुणाला सांगितलं नाही.' मग आणखी दोघी.

*

शिक्षकांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर हे सगळं फारच उजळ दिसेल. आम्हाला तंत्रज्ञान म्हणजे 'लिंक'. ग्रुपवर येते: आजच्या आज भरावी, निरंक असल्यास निरंक भरावी. यू-डायस, सरल, शालार्थ, फोटो जिओटॅगसह. ज्या माणसाचा दिवस लिंक भरण्यात जातो तो तास घ्यायला जाताना पुन्हा स्क्रीन उघडेल, ही अपेक्षा जरा निष्ठुर आहे. प्रशिक्षणंही स्लाइडवरची, शंभर जणांना एका हॉलमध्ये, 'कृतीयुक्त अध्यापन' या विषयावर.

2020 च्या बंद शाळांच्या काळात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, पहिली ते आठवीसाठी. पडद्यावर मुलं घरातल्या, परिसरातल्या वस्तू घेऊन काहीतरी करत. बघणारं पोर उठून तेच करू लागे. टीव्ही म्हणून टीव्ही वाईट नसतो, हे मी तेव्हा कबूल केलं.

*

परवा एका कारखान्याच्या सीएसआरकडून निरोप आला: शाळेला काहीतरी आधुनिक द्यायचं आहे, थ्रीडी प्रिंटर की रोबोटिक्स किट? दोन्ही चांगलंच. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि नीट चालणाऱ्या लॅबही आहेत. पण प्रिंटरची तार संपल्यावर ती कोण आणणार, हे विचारलं तर पलीकडे शांतता.

मुख्याध्यापकांशी बोलून यादी पाठवली. जुने चालतील, पण बॅटरी धड असलेले पाच-सहा लॅपटॉप. पोरांच्या उंचीला सॉकेट, वर्गात निदान चार. एक इन्व्हर्टर. वर्षाचं नेटचं बिल. आणि महिन्यातून एकदा दुरुस्तीला माणूस, तोही असा की जो नववीच्या दोन पोरांना शेजारी बसवून यंत्र उघडेल.

त्यांचा फोन आला. 'सर, बाकी ठीक आहे, पण उद्घाटनाला फीत कशाची कापायची?'

सॉकेटची कापा म्हणालो. ते हसले, साहेबांना विचारतो म्हणाले.